नवऱ्याला बाहेर उभं करून

जुन्या दस्ताचं पान मी थुंकी लावून उलटलं, आणि समोरच्या बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

अमेरिकेत, रॉली शहरातल्या सरकारी दप्तरखान्यातला माझा तो पहिला दिवस होता. दारातच माझी बॅग काढून घेतली होती, पेन काढून घेतलं होतं, पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतली होती. जीभ मात्र माझ्याकडेच राहिली. मी तलाठ्याचा मुलगा. कागदांचा गठ्ठा समोर आला की माझी तर्जनी आपोआप जिभेकडे जाते. आमच्या घरात कागद असाच वाचतात असं मी लहानपणापासून बघत आलो होतो.

"सर," पांढऱ्या केसांच्या त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे पान दोन शतकांपेक्षा जास्त टिकलंय. तुमच्या हातून जाऊ नये असं मला वाटतं."

मी घाबरून बोट पॅन्टला पुसलं. त्यांनी तेही पाहिलं.

"हात धुवायची सोय बाहेर, डाव्या बाजूला आहे."

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल.

"बरं झालं," ती म्हणाली. "तीस वर्षं मी सांगतेय. मला कुणी दप्तरखान्यात नोकरी दिली नाही म्हणून माझं ऐकलं नाहीत."

या वयात मी दप्तरखान्यात का गेलो होतो, तर सभेत एक प्रश्न विचारला म्हणून. शेजारच्या कॅरी गावातल्या आमच्या वसाहतीत, तळ्याच्या मागे, पाइनच्या झाडांत एक छोटीशी दफनभूमी आहे. गुडघ्याएवढी दगडी भिंत आणि आत पाच दगड. चार दगडांवरची अक्षरं अजून लागतात. पाचव्यावर फक्त दोन आद्याक्षरं आहेत. रहिवाशांच्या वार्षिक सभेत मी सहज विचारलं, "ही माणसं कोण?" अध्यक्षांचा चेहरा उजळला. अमेरिकेत सभेत प्रश्न विचारू नये हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. इथं विचारणाऱ्याचीच समिती होते. माझी झाली. समितीत मी एकटाच. काम एवढंच, की भिंतीजवळ लावायच्या पाटीसाठी आठ ओळींचा मजकूर लिहायचा.

त्या आठ ओळींनी माझे दोन हिवाळे खाल्ले. मुलगी दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणाली, "बाबा, यू आर ऑब्सेस्ड विथ डेड व्हाइट पीपल." मी म्हटलं, अगं, आपण त्यांच्या शेतात राहतो.

ते खरंच त्यांचं शेत होतं. इंग्लंडच्या राजाचा अंमल इथं होता तेव्हा एका माणसाला ओढ्याकाठची ही जमीन मिळाली. त्यानं जंगल तोडलं, म्हणजे तोडवून घेतलं, आणि तंबाखू लावला. त्याचं मृत्युपत्र मला दुसऱ्या आठवड्यात सापडलं. शरीरानं थकलेला पण बुद्धीनं शाबूत असलेला मी, अशी सुरुवात. राहतं घर आणि भोवतालची जमीन थोरल्या मुलाला. बायकोला घराची एक खोली, पण ती विधवा राहील तोवरच. पुन्हा लग्न केलं तर खोली गेली. तिघी मुलींना ओढ्याकाठची सखल जमीन, तीन वाटे करून. शिवाय प्रत्येकीला एक पिसांची गादी, एक गाय, आणि त्याच ओळीत, त्याच शाईनं, माणसं. थोरलीला गादीच्या पुढं एक बाई, "आणि तिला पुढं जी मुलं होतील ती". धाकटीला एक दहा-बारा वर्षांची मुलगी. पहिल्या वाचनात मी हे सगळं ओलांडून गेलो होतो. मी वारस शोधत होतो, आणि ही माणसं वारस नव्हती. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा वाचताना मात्र गाईच्या पुढच्या स्वल्पविरामाशी मी अडखळलो आणि त्या दिवशी आणखी काही वाचलं नाही. दप्तरखान्यातल्या बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला.

"तुमच्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर पाहिलंत का?"

"भिंतीबाहेर काय आहे?"

"जाऊन पहा."

मी गेलो. पाइनची सुकी पानं पायानं बाजूला केली. भिंतीपासून उताराकडे जमिनीत माणसाएवढे उथळ खळगे होते, रांगेत. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक ओबडधोबड दगड. अक्षर कुठंच नाही. सहा वर्षं मी रोज सकाळी तिथून फिरायला जात होतो, आणि एका दगडावर पाय ठेवून बुटाची नाडीही बांधत होतो.

हे मी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी फिरायला गेली आणि येताना दुसऱ्या वाटेनं आली. तेव्हापासून आम्ही दोघंही त्या वाटेनंच येतो.

त्याच सुमाराला एका शनिवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला. बायकोचा धाकटा भाऊ. कऱ्हाडजवळच्या गावात असतो, शेती बघतो. सासरे गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

"दाजी, ताईची तेवढी सही पाठवून द्या. हक्कसोडीचं आहे. मुखत्यारपत्राचा मसुदा मेल केलाय, तिकडं नोटरीसमोर सही झाली की बाकीचं मी इथं उरकतो."

"होऊन जाईल," मी म्हटलं.

बायको माझ्यापासून पाच पावलांवर कोथिंबीर निवडत बसली होती. मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते मला पुढं बरेच दिवस सुचलंसुद्धा नाही.

"कुणाचा फोन?"

"तुझ्या भावाचा. सहीचं होतं. हक्कसोड."

"बरं," ती म्हणाली आणि कोथिंबिरीची काडी मोडली.

मेहुणा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. सासऱ्यांची शेवटची चार वर्षं त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढली. आम्ही इथून व्हिडिओ कॉलवर तब्येतीची चौकशी करायचो आणि औषधांची नावं शुद्ध उच्चारून दाखवायचो. त्यामुळे जमीन त्याचीच, असं मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. माझ्या मनात. जमीन माझ्या सासऱ्यांची, हक्क माझ्या बायकोचा, आणि ठरवलं कुणी, तर मी.

मी मसुदा छापला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला. तो तिथं राहिला. दुधाची यादी त्याच्यावर चढली, दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट चढली. ती सही करेना आणि नाहीही म्हणेना. त्या जमिनीच्या बांधावर शेवग्याची झाडं आहेत. आठवीत असताना तिनं वडिलांबरोबर लावलेली. दर वेळी गावी गेलो की ती चहा घ्यायच्या आधी ती झाडं बघून येते, एवढं मला माहीत होतं. त्यापुढं मी कधी विचारलं नव्हतं.

दीड-दोन महिन्यांनी मी वैतागलो. "एका सहीला किती दिवस लावायचे?"

"तुमच्या त्या मेलेल्या लोकांना तुम्ही दोन हिवाळे दिलेत," ती म्हणाली. "माझ्या सहीला दोन महिने दिले तर जड झालं?"

मी रॉलीला निघून गेलो.

तिथं माझं काम अडलं होतं. पाचवा दगड कुणाचा ते लागत नव्हतं. त्यावरची आद्याक्षरं मधल्या मुलीच्या माहेरच्या नावाशी जुळत होती. पण तिचं लग्न झालेलं होतं, मग माहेरचं आडनाव दगडावर कसं? शिवाय मृत्युपत्रानंतरच्या एका दस्तात मधल्या जावयाच्या बायकोचं नाव वेगळंच होतं. यावर मी एक उत्तर शोधून काढलं होतं आणि त्यावर फार खूश होतो. ते मी बाईंना ऐकवलं.

"ती एकच बाई आहे. लग्नात तिचं नाव बदललं."

"आडनाव बदललं असेल."

"नाही, नाव. पहिलं नाव."

"ते का बदलेल?"

मी समजावून सांगितलं. आमच्याकडे नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, माझ्या आईचं माहेरचं नाव मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं, वगैरे. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"आणि तिला विचारतात का? कुठलं नाव हवं ते?"

"हल्ली विचारतात," मी म्हटलं. माझ्या लग्नात मी विचारलं नव्हतं. तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. ते नाव तिच्या पासपोर्टवर आहे. माहेरचं नाव आता फक्त तिचा भाऊ आणि शेवग्याची झाडं ओळखत असतील.

बाईंनी माझा सिद्धान्त एका वाक्यात संपवला. ती दुसरी बाई जावयाची दुसरी बायको असणार. माझी सहा महिन्यांची वंशावळ पुसावी लागली. खोडरबर त्यांनीच दिला.

"आता मृत्युपत्र सोडा," त्या म्हणाल्या. "मुलींच्या वाट्याच्या जमिनीचं पुढं काय झालं ते बघा. जमीन खोटं बोलत नाही."

ही भाषा मला कळणारी होती. वडिलांच्या मांडीवर बसून मी चतुःसीमा वाचायला शिकलो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध. इथंही तेच होतं. ओढ्याच्या वळणावरच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, उत्तरेला इतकं, मग शेजाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा ओढा. मी आलेखाच्या कागदावर तिन्ही वाटे आखले आणि वसाहतीच्या नकाशावर ठेवले. थोरलीच्या वाट्यावर आमचं टेनिस कोर्ट आलं. धाकटीच्या वाट्यावर पार्किंग आणि माझं घर. मधलीच्या वाट्यावर तळं, आणि तळ्यामागची दफनभूमी.

बापाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत थोरल्या भावानं तिघींचे वाटे आपल्या नावावर करून घ्यायला दस्त केले होते. तीन दस्त, एकापाठोपाठ एक. तेवढ्यात थोरलीच्या दस्ताखाली एक शेरा दिसला. कारकुनाचं अक्षर लहान आणि घाईचं. मी दोनदा वाचला, मग बाईंना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतला. त्याचा मतलब असा होता, की या बाईला तिच्या नवऱ्यापासून वेगळं नेऊन न्यायाधीशानं एकांतात विचारलं, आणि आपण हे कुणाच्या धाकानं नाही तर आपल्या मर्जीनं करत आहोत असं तिनं सांगितलं.

"हे काय आहे?"

"तेव्हाचा कायदा. बायकोची जमीन विकायची तर नवऱ्याला खोलीबाहेर काढायचं आणि तिला एकटीला विचारायचं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर दस्त तिच्यावर लागू होत नसे." मग त्या म्हणाल्या, "फार भाबडेपणानं वाचू नका. त्यानंतर तिला त्याच नवऱ्याबरोबर घोडागाडीत बसून घरी जायचं असे. आणि भिंतीबाहेर जे गुलाम पुरलेत त्यांना आतही कुणी विचारलं नाही आणि बाहेरही नाही."

धाकटीच्या दस्ताखाली तोच शेरा होता. तिच्या घरी दोन न्यायाधीश पाठवले होते, ती आजारी होती म्हणून. मधलीच्या दस्ताखाली नव्हता. मी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, बोट न चाटता. नवऱ्याची सही होती. तिच्या नावापुढं जागा सोडलेली होती, आणि ती रिकामी होती.

"कारकून विसरला असेल," मी म्हटलं.

"असेल."

"किंवा?"

"किंवा ती नाही म्हणाली असेल. हे तुम्हाला कधीच कळणार नाही."

नंतरच्या सगळ्या दस्तांत भावाची ओढ्याकाठची जमीन दोनच तुकड्यांची आहे, मधला तुकडा त्यात नाही. एवढं मात्र मी तपासलं. पुराव्याला हे पुरत नाही, असं बाईंनी मला बजावून सांगितलं. पाटीवर लिहिता येणार नाही. मी मान डोलावली.

त्या दिवशी मी दप्तरखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. मला आमची अक्का आठवत होती. माझी थोरली बहीण. आमच्या वडिलांच्या मागं तिनंही हक्कसोड केली होती, माझ्या नावानं. मी खास रजा काढून गेलो होतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लाकडी बाकावर आम्ही शेजारी बसलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचे यजमान, समोर वकील. तिचा नंबर आला तेव्हा ती मला म्हणाली, "कुठं करू रे सही?" मी बोट ठेवून जागा दाखवली. तीन ठिकाणी. मग अंगठ्याचे ठसे झाले. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला आणि साडी घेऊन दिली. ती अंगठ्याची शाई रुमालाला पुसत राहिली, कारण साडीला लागेल म्हणून भीत होती. हा प्रसंग मी आजवर किती जणांना सांगितला असेन, आमच्यात कसं कधी वितुष्ट नाही, बहीण कशी मनाची मोठी. तिला हवं होतं की नव्हतं हे त्या गोष्टीत कुठंच येत नाही. मला ठाऊकच नाही तर येणार कुठून?

रस मी पाजला, हे मात्र दर वेळी येतं.

घरी आलो तेव्हा बायको तळ्याकडून फिरून आली होती. फ्रिजवरचा कागद तिनं काढून टेबलावर ठेवला होता.

"करून टाकू या," ती म्हणाली. "किती दिवस लोंबकळत ठेवायचं. तोही बिचारा फोन करतोय तुम्हाला सारखा."

"मला," मी म्हटलं.

"हो. तुम्हालाच करतो ना."

शनिवारी आम्ही कोपऱ्यावरच्या पार्सलच्या दुकानात गेलो. इथं नोटरी पार्सलच्या दुकानात बसते, खोके आणि चिकटपट्ट्यांच्या मधे. एक सावळी, लांब वेण्यांची तरुण बाई होती. तिनं शिक्का काढला, ओळखपत्र मागितलं. मी सवयीनं कागद पुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवायला गेलो. बोट अर्ध्यावर थांबलं.

"मॅडम," मी इंग्रजीत म्हटलं, "मी बाहेर थांबलो तर चालेल? तुम्ही हिला एकटीला विचारा. हे तिला करायचंय का, ते."

नोटरीनं एकदा माझ्याकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, घरात काहीतरी मोठं बिनसलंय.

"अहो, काय चाललंय?" बायको मराठीत म्हणाली.

"अठराव्या शतकातला कायदा आहे."

"तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं आहे. तुला मी विचारलंच नाही. तुझ्या भावाला होऊन जाईल म्हणालो, आणि तू तिथंच बसली होतीस. मी बाहेर उभा राहतो. तू काय ते ठरव. मला नंतर सांगायलाच पाहिजे असंही नाही."

मी बाहेर आलो. पार्किंगमध्ये ऊन होतं. काचेतून दिसत होतं, म्हणून पाठ करून उभा राहिलो. कुणी बाई ट्रॉलीतून खोके आणत होती, तिच्यासाठी दार धरलं आणि आत पाहायचा मोह टाळला, जवळजवळ. त्या मधल्या मुलीचा नवरा कसा उभा राहिला असेल? घोड्याचा लगाम धरून? आतून उशीर होतोय तसा चिडत? की त्यालाही अंदाज होता?

सहीला दोन मिनिटं लागतात. मी वीस मिनिटं उभा होतो.

ती आली तेव्हा कागद तिच्या हातात घडी करून होता. गाडीत बसली, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली नाही.

"केली नाही," ती म्हणाली.

"बरं."

"त्या मुलीनं विचारलं, डू यू वाँट टू साइन धिस? साधंच विचारलं हो. आणि मला बोलताच येईना. मग मी तिला शेवग्याचं सांगत बसले. इंग्रजीत शेवगा कसा सांगायचा? तिनं ऐकून घेतलं, मागं लोक उभे असून." तिनं कागदाची घडी अंगठ्यानं दाबली. "जमीन त्यालाच द्यायचीय मला. त्यानं केलंय बाबांचं. पण ते त्यानं मला विचारायला पाहिजे. तुम्हाला नाही. उद्या सकाळी मी त्याला फोन करणार आहे. आणि बांधाकडची कड माझ्या नावावर राहील, चार झाडं आहेत तेवढी. ते तो नाही म्हणाला तर मग बघू."

"नाही म्हणणार नाही तो."

"ते तुम्ही ठरवू नका."

मी गाडी सुरू केली. पार्किंगमधून बाहेर पडताना डावीकडे वळायचं होतं, तिथं थांबलो. तेव्हा मी तिला अक्काचं सांगितलं. बाक, बोट, तीन ठिकाणं, उसाचा रस. ती गोष्ट तिनं माझ्याकडून खूपदा ऐकली होती. या वेळी मी साडीशी थांबलो नाही, शाईपर्यंत गेलो.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी वळलो.

घरी गॅरेजचं दार वर जात होतं तेव्हा ती म्हणाली, "अक्कांना फोन कराल तेव्हा मला आधी सांगा. मी बाहेर जाऊन उभी राहीन."